दोन टाक्यांची गाडी

काकांच्या नर्सरीत गिऱ्हाईकाला बसायला एक बुटकं स्टूल असायचं. इतकं बुटकं, की बसल्यावर गुडघे पार छातीशी येत. मुंबईहून आलेल्या, पोट सुटलेल्या माणसांची त्यावर फार पंचाईत व्हायची. कुणी खुर्ची मागितली तर काका म्हणायचे, "वरून बघितलंत तर सगळी कलमं सारखीच दिसणार. जरा त्यांच्या उंचीवर या, मग बोलू."

मी पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले ती गिऱ्हाईक म्हणूनच. लग्न होऊन नुकतीच रत्नागिरीत आले होते. भाड्याच्या घरामागे मोकळी जागा होती, तिथे हापूसचं एक कलम लावावं अशी हौस आली.

"घर स्वतःचं?" काकांनी विचारलं.

"भाड्याचं."

"किती वर्षं राहाल?"

"ते कसं सांगणार?"

"मग आंबा नको. मोगरा न्या. मोगरा बिऱ्हाडाबरोबर हलवता येतो."

मी खट्टू होऊन उठले. उठता उठता शेजारच्या एका कलमाची प्लॅस्टिकची पट्टी सुटलेली दिसली, ती नकळत नीट गुंडाळून घट्ट केली. काकांनी ते बघितलं. कुठे शिकलात म्हणून विचारलं. माझे वडील लांज्याकडे आमच्या गावात कलमं बांधून द्यायचे, लहानपणापासून त्यांच्या हाताखाली वाढलेली मी. तसं सांगितलं. काका म्हणाले, "आंबा देत नाही. काम देतो. उद्या या."

आमच्या घरापासून नर्सरी चालत जाण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी गेले आणि मग जातच राहिले. हिशेब लिहायचे, कलमांवर नजर ठेवायची, आणि भावाच्या टेम्पोवर माहेरीच गाडी शिकले होते म्हणून अधूनमधून पिकअपही चालवायची. अहो-जाहो पहिल्या आठवड्यातच संपलं. मग 'बाय' आणि 'गो' सुरू झालं.

काका रोप विकायच्या आधी ते जिथे लागणार ती जागा बघून यायचे. कुणी म्हणेल, धंद्याची ही काय रीत? पण त्यांची रीत तीच. पिकअपमध्ये रोपं घालायची, स्वतः जायचं, जांभ्याच्या कातळावर माती किती हे पहारीने टोचून बघायचं आणि मग यजमानाला एकच प्रश्न विचारायचा. "पाणी कोण घालणार?"

आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. निम्म्या घरांना कुलूप. कर्ते पुरुष मुंबईला, मागे एखादी म्हातारी. "आम्ही गणपतीला येतो, शिमग्याला येतो," असं कुणी सांगितलं की काका मान डोलवायचे. "बरं. झाडाला तसं सांगून ठेवा. गणपती ते शिमगा तोंड मिटून बस म्हणावं."

भाट्याच्या बाजूला एकाने नवा बंगला बांधला होता. भिंतीच्या कडेने सगळीकडे नारळ हवे होते त्याला. काका गाडी भरून गेले, मीही बरोबर होते. मालक नव्हते, राखणदार होता. काकांनी त्यालाच विचारलं, पाणी कोण घालणार? तो बिचारा सरळ म्हणाला, "मी तर पुढच्या महिन्यात गावाला चाललो, नवा कोण येईल ठाऊक नाही." काकांनी गाडी वळवली आणि भरलेली तशी परत आणली. काकी दारातच उभ्या होत्या. "आपण रोपं विकतो की मुली देतो?" त्या म्हणाल्या.

"मुलीला निदान फोन तरी करता येतो," काका म्हणाले.

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिली होती. ती रोज संध्याकाळी फोन करायची, आणि काका रोज तिला जेवलीस का एवढंच विचारून फोन काकींकडे द्यायचे.

दिलेल्या रोपांकडेही ते वर्षा-दोन वर्षांनी फेरी मारायचे. हाल झालेलं दिसलं तर पैसे परत करून रोप उचलून आणायचे. अशा रोपांसाठी विहिरीकडच्या बाजूला एक वाफा होता. त्या वाफ्याला ते 'माहेरवाशिणी' म्हणत. "माहेरवाशिणींना शेणपाणी केलंस का गो?" असं ते मोठ्यांदा विचारायचे तेव्हा नवखं माणूस चमकून घराकडे बघायचं.

आणखी एक सवय. एखादं कलम सुकायला लागलं, पानांवर डाग पडले, की काका त्याच्यासमोर जाऊन दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहायचे. बराच वेळ. मी घाईने पान खुडून बघायला गेले की ओरडायचे, "हात मागे! आधी बघ. हात लावलास की ते बदललं. मग तुला दिसेल ते तू केलेलं, त्याला झालेलं नव्हे." मला तेव्हा तो नुसता विक्षिप्तपणा वाटायचा.

तर त्यांची ती पिकअप. डिझेलची, जुनी, मागे उघडा हौदा. एकदा बुरोंडीहून येताना वाटेतल्या कुठल्याशा पंपावर भरलेल्या डिझेलात पाणी निघालं आणि काकांना परक्या गावात मुक्काम पडला. तेव्हापासून त्यांनी घराजवळचा एक पंप सोडून दुसरीकडे डिझेल घ्यायचं नाही असं ठरवलं. पण रोपं द्यायला तर दापोली, केळशीपर्यंत जायचं, तेही आडगावांतून वळणं घेत. एका टाकीत ते जमेना. मग मच्छीमारांच्या बोटींना टाक्या करून देणाऱ्या एका वेल्डरकडून त्यांनी हौद्याखाली दुसरी टाकी बसवून घेतली. इंजिन चालायचं ते पहिल्याच टाकीवर. तिच्यातलं डिझेल कमी झालं की काटा बघून एक बटण दाबायचं. मागे छोटा पंप घुरघुरायला लागायचा आणि मागच्या टाकीतलं डिझेल पुढच्या टाकीत यायचं. पुढची भरली की बटण बंद. पावसाचा थेंबही आत जाऊ नये म्हणून मागच्या टाकीच्या झाकणाला काकांनी जाड रबर लावलं होतं. झाकण फार घट्ट बसायचं, म्हणून टाकीत हवा जायला केबिनच्या पाठीमागून एक बारीक नळी वर नेली होती, तिचं तोंड छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलेलं.

वर्षानुवर्षं ही व्यवस्था बिनतक्रार चालली. मग एका उन्हाळ्यात गाडी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा पावसच्या रस्त्याला. काका एकटेच होते. फोन आला म्हणून मी मेकॅनिकला घेऊन रिक्षाने गेले. मेकॅनिक आमचा नेहमीचा, भला माणूस. त्याने मागच्या टाकीचं झाकण उघडून काठी बुडवली. डिझेल भरपूर. पुढची टाकी कोरडी ठणठणीत. झाकण लावलं, बटण दाबलं, पंप घुरघुरला आणि डिझेल व्यवस्थित पुढे आलं. इंजिनाने हवा धरली होती ती हातपंप मारून काढली, गाडी सुरू.

"काका, बटण दाबायचं राहिलं असेल," तो म्हणाला.

"दाबलं होतं."

"राहतं एखाद्या वेळेस."

"मी दाबलं होतं."

दुसऱ्यांदा गणपतीपुळ्याच्या चढावर. तोच प्रकार. झाकण उघडा, डिझेल आहे, झाकण लावा, बटण दाबा, सगळं ठीक. तरी मेकॅनिकने कसर ठेवली नाही. पंप नवा बसवला, गाळणी धुतली, वायरी तपासल्या. आमच्या फाटकात गाडी उभी करून त्याने डिझेल पुढे ओढून दाखवलं, कुठेही अडलं नाही. मग काका बुरोंडीला एकटे गेले आणि तिथे तिसऱ्यांदा बंद पडली.

त्यानंतर मेकॅनिकने मला बाजूला घेतलं. "वहिनी, गाडीत काही नाही. काकांचं वय झालं."

काका तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. एकदा माणसाकडे त्या नजरेने बघायला लागलं की पुरावे गोळा व्हायला वेळ लागत नाही. चष्मा कपाळावर ठेवून शोधतात. एकाच गिऱ्हाईकाला दोनदा फोन करतात. काल काय भाजी होती ते आठवत नाही. यातलं अर्धंअधिक ते चाळिशीत असतानाही करत असतील. पण तेव्हा कुणी बघत नव्हतं. मुलीचं फोनवर पक्कं झालं होतं, की बाबांकडून किल्ली काढून घ्यायची आणि गाडी विकून टाकायची. "घाटात बंद पडली, मागून ट्रक आला तर?" ती काकींना म्हणायची. तिचंही काही चुकत नव्हतं.

काका मात्र हट्टाला पेटले. "दोष गाडीत आहे," म्हणायचे. जेवताना, रोपांना पाणी घालताना, कुणी विचारलं नसताना. पण रात्रंदिवस 'वय झालं, वय झालं' हे ऐकून ऐकून त्यांचाही स्वतःवरचा विश्वास डळमळला असावा. एक दिवस मला त्यांनी हळूच विचारलं, "बाय, परवा निघताना मी विहिरीची मोटर बंद केली होती ना?"

"केली होती, काका."

"नक्की?"

"माझ्यासमोर केलीत."

"बरं," ते म्हणाले, पण तरी जाऊन बघून आले.

केळशीला नारळाची रोपं पोचवायची होती. तिथली एक मावशी दापोलीच्या बाजारात मासे विकायची, मुलगे बोटीवर जायचे. काकांच्या परीक्षेत ती पहिल्या फेरीतच पास झालेली. 'पाणी कोण घालणार' विचारल्यावर ती म्हणाली होती, "मी घालीन. मी नसंन तवा सून घालील. ती बगा, हितंच हाय, तिलाच इचारा." काकांनी खरंच सुनेला विचारलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी काकींनी मला मागच्या पडवीत बोलावलं. आमसुलं वाळत घातली होती ती उलथीपालथी करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या तू बरोबर जा. नुसती बघ. ते बटण दाबतात की विसरतात, एवढंच मला येऊन सांग. खोटं सांगू नको. मला बरं वाटावं म्हणूनही नको, आणि त्यांना वाटावं म्हणूनही नको."

सकाळी गाडीत बसल्या बसल्या काका म्हणाले, "काकीने पाळतीवर ठेवलंय ना तुला?"

मी दार ओढून घेतलं.

"बरं केलंन तिने. नीट लक्ष ठेव. मलाही कळायला हवं."

जयगडला फेरीबोटीतून खाडी ओलांडली, गुहागरवरून दाभोळच्या फेरीबोटीशी आलो. तोवर पुढची टाकी पुरली. दाभोळ सोडलं आणि काटा खाली आला. काकांनी बटणावर बोट ठेवलं आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने म्हटलं, "दाबतोय. बघितलंस?"

"बघितलं."

मागे पंप घुरघुरायला लागला. काटा थोडा वर सरकला. मग थांबला. पंपाचा आवाज चालूच होता, पण काटा पुन्हा खाली उतरायला लागला. आम्ही दोघेही रस्ता सोडून त्या काट्याकडेच बघत होतो. एका चढावर गाडीने आचके दिले आणि काकांनी ती कशीबशी कडेला, जांभ्याचे दगड रचून केलेल्या एका कुंपणाच्या गडग्याशी लावली. इंजिन बंद पडलं. बटण चालूच होतं, मी पुन्हा बघून घेतलं.

माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की आता काकींना सांगता येईल. मी पटकन उतरले, सवयीने काठी घेतली आणि मागच्या टाकीच्या झाकणाला हात घातला.

"हात मागे!" काका गाडीतूनच ओरडले.

ते उतरले. पंप बंद केला. दोन्ही हात पाठीशी धरून, एखाद्या आजारी कलमासमोर उभं राहावं तसे टाकीसमोर उभे राहिले. ऊन चढत होतं. हौद्यातल्या रोपांवर मी ओलं गोणपाट टाकलं. रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला, म्हाताऱ्याला काय झालंय असं त्याने खुणेने विचारलं, मी काही नाही म्हटलं, तो गेला. काका हलले नाहीत.

मग म्हणाले, "गाडी बंद पडली की आपण पहिलं काय करतो?"

"मेकॅनिकला फोन करतो."

"तो आला की पहिलं काय करतो?"

"काठी घालून डिझेल बघतो."

"काठी घालायला?"

"झाकण उघडतो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"आणि त्याच्यानंतर प्रत्येक वेळी डिझेल येतं," ते म्हणाले. "काकी तेलाचा पत्र्याचा डबा फोडते तेव्हा भोकं किती पाडते?"

"दोन. समोरासमोर."

"एकच पाडलं तर?"

"धार धरत नाही. गुटगुट करून अडतं. तेल बाहेर यायला आत हवा..."

माझं वाक्य अर्धवट राहिलं. आम्ही दोघांनी एकदमच मान वर करून केबिनच्या मागच्या त्या बारीक नळीकडे बघितलं.

पण काका घाई करणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी गडग्यावरचं एक सुकं पान उचललं, झाकणाच्या कडेशी धरलं आणि मला सांगितलं, "आता उघड. अगदी हळू." मी झाकण थोडं फिरवलं. रबर सुटलं तशी आत हवा ओढल्याची लांब शीळ ऐकू आली आणि काकांच्या बोटांतलं पान त्या फटीला जाऊन चिकटलं. टाकी हवेसाठी तडफडत होती. पंप ओढत होता, ती देत नव्हती. आणि आम्ही दर वेळी मदतीला धावून, झाकण उघडून, दोष पुसून टाकत होतो. फाटकात उभ्या गाडीवर मेकॅनिकने दाखवलं तेव्हाही तेच झालं होतं. आधी झाकण उघडून डिझेल बघितलेलं.

रोपं बांधायची तार नळीच्या वळलेल्या तोंडात घातली. आतून वाळलेली माती भसाभस पडली, आणि मातीबरोबर बारीक हिरव्या अळ्या. कुंभारमाशीने घर केलं होतं. मातीचं घर करायचं, त्यात अळ्या कोंबायच्या, अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं, हा तिचा उद्योग. आमच्याकडे दाराच्या कडीच्या भोकातसुद्धा करते. खाली तोंड असलेली, पावसापासून जपलेली नळी म्हणजे तिला तर सांगून आलेलं स्थळ.

मला वाटलं काका चिडतील. इतके दिवस त्यांच्या अकलेचे वाभाडे निघाले होते ते हिच्यामुळे. त्यांनी ते ढेकूळ तळहातावर घेतलं, चष्मा वर करून बघितलं. "आपल्याच कामावरची आहे ही," म्हणाले. "कलमांवरच्या अळ्या उचलते. पगार न घेता." आणि न फुटलेला तेवढा तुकडा त्यांनी गडग्याच्या खबदाडात, सावलीत ठेवून दिला.

मग ते गडग्यावर बसले. मी हातपंप मारून इंजिनाची हवा काढत होते. वर बघितलं तर ते रडत होते. आवाज नाही, काही नाही. मी पुन्हा मान खाली घालून पंप मारत राहिले.

केळशीला पोचायला उशीर झाला. मावशी, सून, दोघींनी खड्डे आधीच काढून ठेवले होते. "गाडी कशान बंद पडली?" मावशीने विचारलं.

"माशीनं," काका म्हणाले.

"यवड्याश्या माशीनं यवडी गाडी?" ती इतकी हसली की सुनेने तिला पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर मी काकींना सगळं सांगितलं. बटण दाबलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर दाबलं होतं. काकी उठून आत गेल्या, देवापाशी साखर ठेवली आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मेकॅनिक येऊन कान धरून गेला. नळीच्या तोंडाला त्याने बारीक जाळी लावून दिली. पुण्याहून फोन आला. "बाबा, सॉरी," पलीकडून मुलगी म्हणाली असावी, कारण काका म्हणाले, "असू दे गो. जेवलीस का?"

त्या रात्री त्या घरात सगळ्यांना शांत झोप लागली असेल. निदान मला तरी तसं वाटलं.

सकाळी मी गेले तर पिकअप फाटकाबाहेर काढलेली आणि काका डाव्या बाजूच्या सीटवर बसलेले. किल्ली चालकाच्या सीटवर ठेवलेली.

"तू चालव," ते म्हणाले. "आजपासून तूच."

"का? काल तर सापडलं सगळं."

"बस आधी."

मी बसले. समोर काचेतून बघत ते बोलायला लागले. "बुरोंडीला गाडी बंद पडली होती ना. मी एकटा होतो. पुढे तिठा आहे. तिठ्यावर आलो आणि मला कळेना गो, कुठे जायचं. उजवीकडे की डावीकडे एवढंच असतं तर ठीक. मी कुठून आलो तेही कळेना. शेकडो वेळा गेलेला रस्ता आणि एक झाड ओळखीचं दिसेना. माणसं जात होती, पण विचारायला तोंड उघडेना. विचारणार तरी काय? तेवढ्यात इंजिनाने आचके दिले आणि बंद पडलं. तुला सांगतो, मला इतकं बरं वाटलं! आता कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं. गाडी बंद पडली."

मी फाटकावरच्या बोगनवेलीकडे बघत बसले.

"सगळे म्हणत होते, गाडीत काही नाही, काकांत आहे. मी म्हणत होतो, माझ्यात काही नाही, गाडीत आहे. निम्मं निम्मं खरं होतं दोघांचं. काल नळी साफ झाली. मला आडोसा राहिला नाही."

"एखाद्या वेळेस होतं तसं, काका. ऊन लागलं असेल."

"पानावर बुरशी सापडली म्हणून मुळाशी वाळवी नसतेच का?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "काकीला रात्रीच सांगितलं. आता पोरीला ती सांगेल. चल, उशीर होतोय."

मी किल्ली फिरवली.

काल रस्त्याच्या कडेला ते का रडले, ते मला तेव्हा कळलं. मी इतका वेळ त्याला आनंद समजत होते.

त्यांनी स्वतःहून सांगितलं नसतं तर त्यांना वर्ष दोन वर्षं सहज ढकलता आली असती. सगळं जग त्यांच्या बाजूने झालं होतं. मुलगी शरमली होती, मेकॅनिक कान धरून गेला होता. अशा वेळी स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायला उठणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

पुढे आम्ही तशाच फेऱ्या केल्या. मी उजवीकडे, ते डावीकडे. त्यांनी मला एक अट घातली होती, की ते चुकले तर तोंडावर सांगायचं. पहिली वेळ लवकरच आली. गुहागरच्या अलीकडे एका फाट्यावर ते म्हणाले, "डावीकडे घे."

"काका, उजवीकडे."

"डावीकडे! मी हा रस्ता नव्हता तेव्हापासून इथून जातोय. मला शिकवतेस?"

इतके कधी ओरडले नव्हते. मी गाडी फाट्यावरच थांबवली. ते उतरले, धाडकन दार लावलं. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हात आपोआप पाठीमागे गेले. एका रस्त्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. पुन्हा पहिल्याकडे. मी आरशातून मागून कुणी येत नाही ना एवढंच बघत होते. शेवटी परत येऊन बसले.

"तू उजवीकडे म्हणतेस ना?"

"हो."

"मग चल."

बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "रागावलो का मी?"

"हो."

"पुढेही रागावीन. तरी सांगत जा."

मी सांगत गेले. घरी येणारे-जाणारे त्यांची समजूत काढायचे, हो ला हो करायचे. शेजारच्या वहिनी मला म्हणायच्या, कशाला दुखावतेस त्यांना, आता किती दिवसांचे ते. पण काकींनी मला कधी अडवलं नाही. हळूहळू फेऱ्या कमी झाल्या, मग फाटकापर्यंतचं चालणं उरलं, मग पडवीतली खुर्ची. माझं नाव गेलं. काकींचं गेलं. मुलगी पुण्याहून येऊन राहायला लागली, तिला ते गिऱ्हाईक समजून आदराने बोलायचे आणि ती आत जाऊन डोळे पुसून यायची.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी मी वाफ्यांत बसून पट्ट्या बांधत होते. काका काठी टेकत टेकत एकटेच बाहेर आले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. सगळीकडे नजर फिरवली.

"ही नर्सरी कोणाची?"

"तुमची, काका."

"माझी?"

"हो. तुम्हीच उभी केलीत."

त्यांनी पुन्हा एकदा त्या टोकापासून या टोकापर्यंत बघितलं. मग काठीने कुंपणाकडची एक ओळ दाखवली आणि जरा तुसडेपणानेच म्हणाले, "माझी ना? मग ती उन्हात का ठेवलीयत?"

मी वळून बघितलं. वाऱ्याने सावलीची हिरवी जाळी एका बाजूला सरकली होती, आणि त्या ओळीतल्या कोवळ्या कलमांची पानं माना टाकायला लागली होती. सकाळपासून मी तिथे होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी हातातली पट्टी ठेवून धावत गेले आणि जाळी ओढून घेतली.